वादीच्या पलीकडचे राजे

आखातातल्या सीब गावच्या त्या घरात डिसेंबर लागला की मॅडम कपाटावरचं मोठं खोकं खाली काढायला सांगायच्या. त्यात जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली मातीची चित्रं असायची, आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ल्यावर मांडतात तशी. धनगर, मेंढ्या, विहिरीवर पाणी भरणारी बाई, बैल, खेचर, आणि गोठ्यात बसलेले बाळ येशूचे आईवडील. दिवाणखान्यात खिडकीखाली भिंतभर लांब फळी होती. तिच्यावर तो सगळा गाव मांडायचा. वाळू आम्ही समुद्रावरून आणून चाळून घ्यायचो. नदी चॉकलेटच्या चंदेरी कागदाची करायचो आणि नदीवर बुचाच्या सालीचा छोटासा पूल ठेवायचो.

बाळ मात्र मॅडमच्या टेबलाच्या खणात, कापसात ठेवलेलं असायचं. ते नाताळच्या आदल्या रात्रीच गव्हाणीत यायचं. तोवर गव्हाण रिकामी. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बाळ हरवलं आणि आता नाव माझ्यावर येणार. मी रोज सोफ्याखाली झाडू घालून शोधत होते आणि कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती.

आणखी एक चित्र होतं, लाल टोपीचा शेतकरी, विजार खाली करून उकिडवा बसलेला. तो कशाला बसलाय याबद्दल शंका राहू नये अशी सोय मूर्ती करणाऱ्याने मागच्या बाजूला केली होती. मी धूळ पुसताना रोज त्याला झाडाआड सरकवायची आणि मॅडम रोज त्याला पुढे आणायच्या. शेवटी त्यांनी हसत आपल्या थोरल्या मुलीकरवी मला सांगितलं की तो जमिनीला खत देतो, म्हणून येत्या वर्षी पीक चांगलं येतं, आमच्या गावाकडे तो लागतोच. मी हे माझ्या यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग बरोबरच आहे गो. आपल्याकडे वेगळं काय करतात."

साहेब आणि मॅडम स्पेन देशाचे. साहेब इंजिनिअर होते, माझे यजमान त्यांचे ड्रायव्हर, आणि मी स्वयंपाकाला व मुली सांभाळायला. व्हिलाच्या मागे आमची एक खोली होती. साहेबांना दोन मुली. धाकटी तीन वर्षांची, थोरली सात वर्षांची. थोरली माझ्या मागेमागे फिरून मोडकंतोडकं मराठी शिकली होती. मला मावशी म्हणायची, ह्यांना काका. माझी स्वतःची मुलगीही तेव्हा सात वर्षांची होती, गावी संगमेश्वराकडे, माझ्या आईजवळ. तिच्याबद्दल मी त्या घरात फार बोलत नसे. मी मुळातच कमी बोलणारी. चौथीनंतर शाळा सुटली, इंग्रजी येत नव्हतं, हिंदी बोलायला लाज वाटायची. त्या मुलीशी मात्र बोलायची.

तर राजे. उंटांवर बसलेले तीन राजे होते, तेही मातीचे. ते गावात नसायचे. त्यांना फळीच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळूत ठेवायचं. मग रोज सकाळी थोरलीने उठून त्यांना थोडं थोडं पुढे सरकवायचं. तिघं लांबून, वाळवंटातून, बाळाला भेट घेऊन येतात असं ते मानतात. पाच जानेवारीच्या संध्याकाळी त्यांनी पूल ओलांडून गोठ्याशी पोहोचायचं. त्याच रात्री खरे राजे घरोघर येतात आणि मुलांसाठी खेळणी ठेवून जातात. त्या लोकांत मुलं नाताळच्या म्हाताऱ्याची एवढी वाट बघत नाहीत, जेवढी ह्या राजांची बघतात. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापले बूट पुसून लख्ख करून खिडकीखाली ओळीने ठेवायचे. राजांसाठी काहीतरी प्यायला, उंटांसाठी बादलीभर पाणी आणि गवत. सकाळी बुटांत खाऊ आणि बाजूला खेळणी. जो वाईट वागला त्याच्या बुटात कोळसा.

थोरली म्हणायची, "आम्ही राजांच्या रस्त्यातच राहतो. स्पेनच्या मुलांना उशिरा मिळतं. आपल्याला आधी." उंट तर तिला शाळेच्या बसमधूनही दिसायचे, म्हणून तिचा विश्वास फार पक्का होता.

ह्यांची आणि तिची गट्टी होती. गाडी पुसून झाली की हे दिवाणखान्याच्या दारात उभे राहून तिला चिडवायचे. "राजांचं बरं आहे, त्यांना पूल आहे. आमच्या निजव्याच्या रस्त्याला या म्हणावं. तिथे वादीला पूल नाही. रस्ता सरळ खाली वादीत उतरतो आणि पलीकडे चढतो."

"मग पाणी आलं तर?"

"पाणी आलं तर यल्ला, चला, गाडी घालायची."

हे ते गमतीत म्हणायचे, पण आदल्या हिवाळ्यात त्यांनी खरोखरच गाडी घातली होती. साहेबांचं विमान चुकेल म्हणून. नंतर जवळच्या माबेला वस्तीत ह्यांच्या मित्रांच्या खोलीवर जेवायला गेलो तेव्हा सगळ्यांना हसत हसत सांगत होते. मी परतीच्या वाटेवर बोलले नाही. घरी आल्यावर म्हणाले, "तोंड कशाला पाडतेस? पाणी नुसतं दाराला लागलं होतं." वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षभर त्यात दगडगोटे आणि बकऱ्या. आमच्या कोकणातली नदी पाऊस बघून भरते, माणसाला अंदाज येतो. इथे डोक्यावर ऊन असतं, लांब कुठेतरी डोंगरात पाऊस पडतो आणि पाणी भिंतीसारखं येतं. त्याला तिथे सगळे म्हणतात, वादी आली.

मी सांगते ते आमचं तिथलं तिसरं वर्ष. त्या डिसेंबरात साहेब निजव्याच्या पुढे साइटवर होते. स्पेनहून परत आलेले त्यांचे एक सहकारी मुलींची खेळणी घेऊन विमानतळावरून थेट साइटवर गेले होते. म्हणजे राजांचं सामान साइटवर आणि मुली सीबला. म्हणून पाच जानेवारीला सकाळीच हे गाडी घेऊन निघाले, साहेबांना आणि खेळण्यांना आणायला. खेळण्यांचं थोरलीला अर्थातच माहीत नव्हतं. ती फाटकापर्यंत पळत गेली.

"काका, राजांच्या आधी ये."

"राजांच्या आधी. लँडक्रूझर उंटापेक्षा मागे राहिली तर मी गाडी चालवायची सोडेन."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला ते आवडलं नाही. हे दिलेला शब्द पाळणारे होते, आणि तो चांगला गुण मला त्या दिवशी नको होता. डोंगराच्या बाजूला आभाळ काळं नव्हतं, पांढरट होतं. मी म्हणाले, "पाणी दिसलं तर थांबा." ते गाडीत बसत म्हणाले, "निघायच्या वेळी हे काय बोलतेस," आणि गेले.

दुपारी मॅडम आणि मी राजांची पोळी करायला घेतली. पोळी म्हणजे गोड पाव, मोठ्या कड्यासारखा, वर संत्र्याच्या पाकवलेल्या साली. त्यात एक सुकलेला वाल आणि एक छोटी चिनीमातीची मूर्ती दडवतात. ज्याला मूर्ती मिळेल तो राजा, ज्याला वाल मिळेल त्याची थट्टा. भातात खडा लागला तर आमच्याकडे सासू ताट बाजूला सारते, आणि इथे मुद्दाम घालायचा. पीठ मळून कापडाखाली फुगायला ठेवलं. तेवढ्यात साइटवरून फोन आला की दोघं जेवून निघाले. मॅडमनी बोटं मोजून दाखवली. दिवस मावळायच्या आत येतील.

दिवस मावळला. सीबला पाऊस नव्हता, वारा होता आणि मातीचा वास येत होता. मॅडमनी एकदा मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मग ते काढून फ्रीजवर ठेवलं. दूध संपलं होतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानवाला केरळचा, रेडिओ लावून बसलेला. मी दुधाचा डबा पुढे ठेवला तर म्हणाला, "आपका आदमी घर पे है ना?"

मी मान हलवली. नाही.

"निजवा रोड बंद है, बहन. वादी आया है. एक सफेद लँडक्रूझर पानी में गया, बोल रहे हैं." आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "सफेद तो सबके पास है."

आमची गाडी पांढरी होती.

घरी आले तर मॅडम फोनवर होत्या. त्यांना कळलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघींनी मुलींकडे बघितलं. मॅडमनी फोन ठेवला, केस घट्ट बांधले आणि टाळी वाजवून त्यांच्या भाषेत म्हणाल्या, चला, बूट. मी पॉलिशची डबी आणली. नवरा गाडीसकट पाण्यात गेला की नाही ते माहीत नाही, आणि दोन बायका खाली बसून बूट चमकवतायत. मी धाकटीचा बूट मांडीत दाबून धरला होता.

थोरलीने सगळ्यांचे बूट ओळीने मांडले. वडिलांचे, आईचे, दोघींचे. माझ्या चपला आणल्या. मी त्या उचलून परत दारात ठेवल्या, तिने परत आणल्या.

"काकाचे बूट?"

"काकांच्या पायात आहेत."

"मग त्यांना राजे काय देणार?"

"ते आले की बघू."

तिने बादलीत पाणी भरलं. व्हरांड्यात ठेवताना माझ्याकडे न बघता विचारलं, "मावशी, उंटाला पोहता येते?"

"मला नाही माहीत."

"काकाला?"

"येतं." हे खरं होतं. शास्त्री नदीत पोहायला शिकले होते. पण शास्त्री नदीचं पाणी आणि हे पाणी सारखं नव्हे, हे मी तिला सांगितलं नाही. तिने सगळं ऐकलेलं आहे हे मला तेव्हा समजलं. मोठी माणसं स्पॅनिशमध्ये, हिंदीत, इंग्रजीत कुजबुजत होती आणि त्या पोरीला ह्या सगळ्या भाषा थोड्या थोड्या येत होत्या.

ती आत जाऊन फळीपुढे उभी राहिली. तिघा राजांना एकेक करून पुलावरून पलीकडे नेलं आणि गोठ्यासमोर ठेवलं. शेवटच्याचा उंट पुलावर कलंडला. तिने त्याला पटकन सावरलं आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून.

तेवढ्यात साहेबांच्या ऑफिसातला एक माणूस गाडी घेऊन आला. पाण्यातून काढलेल्या गाडीचा नंबर कुणाला नीट माहीत नव्हता, पोलिसांकडे जाऊन विचारायचं होतं. मॅडमनी मुलींना सांगितलं, पप्पांना आणायला जाते. मग मला स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर बदामाच्या चिक्कीचे खोके, चॉकलेटं आणि संत्री काढून ठेवली. इंग्रजी, हिंदी आणि हातवारे असं आमचं बोलणं चालायचं. "मला उशीर झाला तर तू घाल. बुटांत. मुली झोपल्यावर. सकाळी बूट रिकामे दिसता कामा नयेत." माझ्या दोन्ही खांद्यांना धरून पुन्हा म्हणाल्या, "रिकामे नाही."

मी हो म्हणाले.

मुली लवकर झोपल्या. राजे जागं असलेल्या मुलांकडे येत नाहीत. फुगलेलं पीठ कापड ढकलून वर आलं होतं. मी ते पुन्हा दाबून कडं केलं, वाल आणि मूर्ती घातली आणि ओव्हनमध्ये ठेवलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं. मॅडमचा फोन आला. काहीच कळलं नाही, त्या तिथेच थांबतायत.

मग मी खाऊ घेऊन बुटांपुढे बसले. बूट स्वच्छ होते, मीच पुसलेले होते. तरी माझा हात जाईना. पायातल्या वस्तूत अन्न घालायचं, तेही मुलांच्या, तेही अशा वेळी, नवरा कुठे आहे हे माहीत नसताना. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. मला वाटलं, आज कुठलीही चूक नको, आज देवाला राग येईल असं काही नको. त्यांचा देव काय आणि आमचा काय. मी माझ्या खोलीतून स्टीलच्या ताटल्या आणल्या, घासलेल्याच होत्या, तरी पुन्हा धुतल्या. प्रत्येकीत चिक्की, चॉकलेट, संत्रं, दोन खजूर असं मांडलं आणि त्या ताटल्या फळीवर गोठ्यापुढे ठेवल्या, नैवेद्य ठेवतात तशा. हात जोडले. बूट मात्र खिडकीखाली तसेच रिकामे राहिले, आणि खरं सांगते, ते रिकामे आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, खाऊ तर ठेवला.

पहाटे मी दिवाणखान्यातल्या जाजमावर टेकून बसले होते. फटफटत होतं. थोरली अनवाणी आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, सरळ खिडकीखाली गेली. एका बुटात हात घातला. दुसऱ्यात घातला. वडिलांच्या बुटात हात पार टोकापर्यंत घातला. मग व्हरांड्यात जाऊन बादली बघून आली. पाणी भरलेलंच होतं.

मी उठून म्हणाले, "हे बघ, इथे आहे खाऊ. गोठ्याजवळ."

ती येऊन ताटल्यांकडे बघत राहिली. "हे तुझ्या ताटल्या आहेत."

"हो."

"तू ठेवलं."

मी म्हणाले, "आमच्याकडे खायचं बुटात ठेवत नाहीत. म्हणून ताटलीत ठेवलं."

"राजे बुटात ठेवतात." ती रडत नव्हती. शिक्षकासारखी समजावत होती. "तू राजा नाही, मावशी."

मॅडमनी दोनदा बजावून सांगितलेली एकच गोष्ट, आणि तीच मी चुकवली होती. आता ही पोर काय समजेल ते मला दिसत होतं. राजे आले नाहीत. एकच रस्ता. राजे आले नाहीत म्हणजे पप्पाही नाहीत, काकाही नाहीत. मला तिला जवळ घ्यायचं होतं पण मी माझ्या जागेवरून हलले नाही. हलले असते तर मीच रडले असते.

ती फळीपाशी गेली. गोठ्यासमोरचा पहिला राजा उचलला. मला वाटलं, आता फेकते. तिने तो पुलाच्या अलीकडे, चंदेरी नदीच्या ह्या काठावर, वाळूत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तिघांची तोंडं नदीकडे केली. बुचाचा पूल उचलून फळीखाली ठेवून दिला.

"काय करतेस गो?"

"काकाने सांगितलं होतं. आपल्या वादीला पूल नाही." तिने बोटाने वाळूत उंटांचे पाय नीट रोवले. "पाणी आलं. म्हणून थांबले. बसले आहेत."

"आणि मग?"

"पाणी गेलं की येतील." मग माझ्याकडे वळून, जरा दरडावून म्हणाली, "काका पण थांबले. तू सांगितलं होतं ना त्यांना."

मी सांगितलं होतं. पण माझं ऐकून कुणी थांबतं असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि तिला तर त्यांनी प्रॉमिस दिलं होतं.

धाकटी उठून आली. तिने ताटली बघितली आणि एका शब्दाने न विचारता चिक्की तोडायला बसली. तिच्यापुरते राजे येऊन गेले होते.

मग फोन वाजला. मॅडम होत्या. पाण्यात गेलेली गाडी आपली नव्हे, नंबर वेगळा. मी विचारलं, "साहेब?" माहीत नाही, म्हणाल्या. रस्ता अजून बंद आहे. मी फोन ठेवला. आपली नव्हे, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी होती. आणि आपली कुठे आहे हे अजून कुणाला माहीत नव्हतं. पोरीने विचारलं, "काय म्हणते मम्मा?" मी म्हणाले, "रस्ता बंद आहे." तिने मान डोलावली, जणू हे तिने आधीच सांगितलं होतं.

ऊन वर आलं. मी मुलींना दूध दिलं. पोळी कापली नाही. थोरली खिडकीत बसली, आणि मी तीच ती भांडी पुसत राहिले.

फाटकाशी हॉर्न वाजला तो ह्यांचा नेहमीचा, दोनदा, आखूड. मुली पुढच्या दारातून धावल्या. मी ओट्यापाशीच राहिले. खिडकीतून दिसलं की साहेब उतरतायत, मॅडम ऑफिसच्या गाडीतून उतरून त्यांच्याकडे जातायत, दोघी मुली त्यांच्या गुडघ्यांना. पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडंच होतं आणि तिथे कुणी नव्हतं.

मागचं दार वाजलं. हे होते, खांद्यावर मोठी पिशवी. गुडघ्यापर्यंत चिखल वाळून पांढरा झालेला, डोळे लाल. बूट बाहेरच काढले.

"पोरी पुढे आहेत ना? साहेब म्हणाले, मागून ने."

मी मान डोलावली. मला त्यांच्या हाताला हात लावायचा होता पण पिशवी मध्ये होती.

"थांबलात," मी म्हणाले.

"थांबलो." पिशवी खाली ठेवत म्हणाले, "साहेब म्हणत होते चला, पोरी वाट बघतायत, मागच्या वर्षी गेलो होतो की. आमच्यापुढे एक गाडी उतरली. मी बघत होतो. अर्ध्यात गेली आणि आडवी झाली. माणसं टपावर चढली, मग लोकांनी दोर टाकून काढली. तरी साहेब म्हणतात, अजून थोडं थांबून जाऊ. मी किल्ली काढून खिशात घातली. म्हटलं, नाही साहेब." ते माठातलं पाणी प्याले. "रागावले. रात्रभर बोलले नाहीत. पहाटे त्यांनीच बिस्किटं दिली."

"प्रॉमिस दिलं होतं तुम्ही तिला."

"हो ना. तेच आठवत होतं." मग पिशवी उघडत म्हणाले, "बूट कुठायत? लवकर कर, आत येतील."

आम्ही दोघं खिडकीखाली बसलो. ह्यांनी खेळणी काढून बाजूला मांडली. मी ताटल्या आणल्या आणि तशीच घुटमळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रिकाम्या बुटांकडे बघितलं, आणि सगळं समजल्यासारखे हसले. "घाल गो. बघत काय बसलीस." मी घातलं. चिक्की, चॉकलेट, संत्रं. साहेबांच्या बुटात, मॅडमच्या, मुलींच्या, माझ्या चपलांवरही. व्हरांड्यातली बादली ह्यांनी बागेत रिकामी केली. आम्ही स्वयंपाकघरात शिरलो न शिरलो तोच पुढचं दार उघडलं.

थोरलीचा आवाज आला नाही. धाकटीच किंचाळत होती. मी आडून बघितलं. थोरली बुटात हात घालून उभी होती. मग व्हरांड्यात गेली, बादली बघितली. मग फळीकडे गेली, खालून पूल काढला, नदीवर ठेवला, आणि तिघा राजांना एकेक करून पलीकडे नेलं. वडिलांच्या कडेवर चढायला ती नंतर गेली.

थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावर माझ्या रिकाम्या ताटल्या एकावर एक ठेवलेल्या होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात बदामाच्या चिक्कीचा तुकडा होता. ती मागच्या दारातून बाहेर गेली. हे नळावर पाय धूत होते, त्यांची पाठ तिच्याकडे होती. पायरीवर त्यांचे बूट पडले होते, आतून बाहेरून चिखलाने भरलेले. तिने वाकून तो तुकडा एका बुटात ठेवला.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला पण आलं."

हे वळले. बुटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मी दारात उभी होते आणि नको म्हणायला माझं तोंड उघडलेलं होतं. त्यांनी ओल्या हाताने तुकडा बाहेर काढला, वरची माती अंगठ्याने पुसली आणि तोंडात टाकला. पोर तिथेच उभी राहून ते गिळेपर्यंत बघत होती. चावताना वाळू कचकचलेली मला दारापर्यंत ऐकू आली.